मन मोडलेलं असताना सेवा कशी सुरू करायची

घरातलं माणूस गेलं, लग्न मोडलं, मुलं बाहेरगावी गेली आणि घर खायला उठलं की मंडळीतलं, म्हणजे आपल्या चर्चमधलं, कोणीतरी हमखास येऊन सांगतं, प्रभूच्या सेवेत मन गुंतव, बरं वाटेल. मलाही सांगितलं होतं. आणि सांगणाऱ्यांचं चुकलं असं मी अजिबात म्हणणार नाही कारण शेवटी मला उभं केलं ते सेवेनेच. पण कुठून सुरू करायचं, किती करायचं, कोणासोबत जायचं, कधी थांबायचं हे कोणीच सांगितलं नाही आणि त्यामुळे माझं पहिलं वर्ष फार वाईट गेलं. तुमचं तसं जाऊ नये म्हणून जे शिकले ते सगळं लिहून काढतेय.

आधी माझं सांगते म्हणजे पुढचं कळेल. माझे मिस्टर एप्रिल २०२१ मध्ये गेले, कोविडच्या दुसऱ्या लाटेत. त्यांना हॉस्पिटलच्या दारातून आत नेलं तेवढंच मी पाहिलं, त्यानंतर थेट दफनभूमी. बॉडी घरी आली नाही, किट घातलेल्या माणसांनी खाली उतरवली, पाळकसाहेब लांबून प्रार्थना करत होते आणि मी गेटपाशी गाडीत बसले होते. शेवटची आंघोळ नाही, कपडे घालणं नाही, हात लावणं नाही. मग चर्च परत उघडलं तसं मी दिसेल त्यात नाव दिलं, महिला मंडळ, संडे स्कूल, घरोघरच्या प्रार्थना, आजाऱ्यांच्या भेटी, नाताळचं सगळं जेवण. आम्ही नगरचे, आमच्याकडे १८३१ पासून मिशन आहे, सेवा हा शब्द आम्ही आईच्या दुधाबरोबर पितो, त्यामुळे सगळे म्हणाले किती छान सावरली बाई. आणि डिसेंबरात नाताळच्या करंज्या करताना एका कॉलेजच्या मुलीच्या हातून सारण सांडलं तर मी तिच्यावर अशी किंचाळले की हॉलमधल्या सगळ्या बायका गप्प झाल्या, मग मी मागच्या खोलीत जाऊन बसले आणि मला उठताच येईना. दोन तास बसले होते. त्या दिवशी कळलं की मी इतके दिवस सेवा करत नव्हते, घरी जायचं टाळत होते.

आधी झोप, जेवण आणि डॉक्टर

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट आपण कर्मेल डोंगरावरच्या अग्नीसाठी ऐकतो, पण त्याच्या पुढचाच अध्याय, पहिले राजे या पुस्तकातला १९ वा, शांतपणे वाचा. तो माणूस झुडुपाखाली बसून मरण मागतोय. आणि देवाचा दूत त्याला काय सांगतो, ऊठ आणि काम कर? नाही. भाकर आणि पाण्याचा चंबू देतो, खा म्हणतो. तो खाऊन परत झोपतो तर त्याला झोपू देतो. मग परत उठवून परत जेवायला घालतो. काम सांगितलंय ते नंतर, चाळीस दिवसांचा प्रवास झाल्यावर. येशूचा शिष्य शिमोन, त्याच्या सासूचंही तसंच आहे, आधी ताप उतरला आणि मग ती उठून त्यांची सेवा करू लागली, आपण मात्र पुष्कळ वेळा तापातच उठून चुलीपाशी जातो आणि त्याला विश्वास म्हणतो.

तर सेवेसाठी घराबाहेर पडायच्या आधी एवढं बघा. रात्री निदान पाच-सहा तास झोप लागतेय का, दोन वेळा जेवण जातंय का, आंघोळ, केस, घराचा केर ही साधी कामं होतायत का. होत नसतील तर तुमचं काम सध्या तेवढंच आहे, आणि कोणी जेवणाचा डबा आणून दिला तर तो घ्यायचा. दोन-तीन आठवडे झोपच नसेल, छातीत धडधड होत असेल, सतत वाटत असेल की आपण नसतो तर बरं, तर फॅमिली डॉक्टरकडे जा आणि स्पष्ट सांगा. १४४१६ हा मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेलिमानस नंबर आहे, चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आपल्यात अजूनही काही लोकांना वाटतं की गोळ्या घेतल्या म्हणजे प्रार्थनेवर विश्वास नाही. ज्या समाजाने गावोगाव मिशन हॉस्पिटलं बघितली, ज्यांच्या घराघरात एकतरी नर्स आहे, त्यांनी असं म्हणावं याचं मला खरंच वाईट वाटतं. मी स्वतः सात महिने गोळ्या घेतल्या आणि त्या घेत असतानाच माझी खरी सेवा सुरू झाली.

काम कसं निवडायचं

एक माणूस, एक वार, एक वेळ. बस एवढंच. कमिटी नको, माईक नको, हिशोबाची वही नको. मोडलेल्या मनाला मोठं काम मिळालं की ते त्यात लपतं, आणि लहान काम मिळालं की हळूहळू बाहेर येतं, निदान माझं तरी तसंच झालं.

आणि हाताचं काम निवडा. बोलण्याचं काम, म्हणजे सांत्वन करणं, उपदेश, प्रार्थना पुढारणं, हे सुरुवातीला झेपत नाही कारण त्यासाठी आतून काढून द्यावं लागतं आणि आत तर काहीच नसतं. पण भाजी निवडून देणं, पाण्याची बाटली भरून ठेवणं, औषधांच्या डबीत वाराप्रमाणे गोळ्या लावणं, दफनभूमीत ज्यांचं आता कोणी उरलं नाही अशा कबरींवरचं गवत काढणं, शेजारच्या पोराकडून पाढे म्हणून घेणं, सरकारी दवाखान्याबाहेर पायरीवर बसून राहिलेल्या नातेवाइकांना चहा नेणं, हे रडवेल्या डोळ्यांनीही होतं. पाळकबाईंना विचारा, तीन महिन्यांत चर्चला न आलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी कोणाकडे कोणी जात नाही. प्रत्येक मंडळीत अशी चार नावं असतात आणि पाळकबाईंना ती बरोबर माहीत असतात.

आता एक गोष्ट जी मला फार महत्त्वाची वाटते. आपली जखम ज्या जागी आहे त्याच जागी लगेच सेवेला जाऊ नका. नवरा आयसीयूत गेला असेल तर पहिल्या वर्षात आयसीयूबाहेरच्या लोकांना धीर द्यायला जायचं नाही. मूल गेलं असेल तर मुलांचा वॉर्ड नको. लोक म्हणतील तुलाच तर कळेल त्यांचं दुःख. कळेल हो, पण कळणं आणि पेलणं वेगळं आहे. मी दोन बायकांच्या आयुष्याचा हिशोब लावून पाहिला. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकात उपासमारीत गेले, रमाबाई तेव्हा अगदी तरुण, पुढे १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये कॉलऱ्याने नवरा गेला, पदरात लेक मनोरमा एवढीशी. आणि दुष्काळातल्या उपाशी पोरींना आणायला त्या मध्य प्रांतात गेल्या ते १८९६-९७ च्या सुमाराला, म्हणजे मध्ये वीसेक वर्षं गेली. त्या वर्षांत त्या शिकल्या, इंग्लंडला गेल्या, तिथेच १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, अमेरिका पाहिली, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, आणि मग केडगावचं मुक्ती मिशन, निराधार बायका-मुलींचं घर. दुसरी लंडनची सिसिली सॉन्डर्स. नर्स होती, मग हॉस्पिटलमध्ये रुग्णांची विचारपूस करणारी समाजसेविका झाली, तिथे कॅन्सरने मरणाऱ्या एका एकट्या पोलिश ज्यू माणसावर तिचा जीव जडला, तो १९४८ मध्ये गेला आणि जाताना मी तुझ्या घरातली एक खिडकी होईन असं म्हणून ५०० पौंड ठेवून गेला. मरणाऱ्यांसाठी तिने सेंट क्रिस्टोफर्स उघडलं १९६७ मध्ये. तिथेही एकोणीस वर्षं, आणि त्या मधल्या काळात ती डॉक्टर झाली. आज वांद्र्याला १९८६ पासून कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या लोकांना सांभाळणारं शांती आवेदना सदन आहे, त्या वाटेवर चालणारं आपल्या देशातलं ते पहिलं घर. तुम्हाला वीस वर्षं थांबा असं मी सांगत नाहीये. पण ज्या दुःखातून एवढी मोठी सेवा निघाली त्या दुःखालाही इतका वेळ लागला, मग आपण तिसऱ्या महिन्यात स्वतःला का पिळायचं.

जे शिकलात तेच द्या, अगदी कागदपत्रंसुद्धा

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला प्रेषित पौल म्हणतो की देव आपलं सांत्वन करतो ते आपल्याला दुसऱ्यांचं सांत्वन करता यावं म्हणून. हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि मला वाटायचं सांत्वन म्हणजे गोड शब्द. पण मिस्टर गेल्यावर माझं खरं सांत्वन केलं ते चर्चमधल्या एका रिटायर्ड क्लार्क भाऊंनी, ते मला घेऊन बँकेत गेले, माझ्याकडून एकेक फॉर्म भरून घेतला, कोविडचं ५० हजारांचं सानुग्रह अनुदान मिळेपर्यंत पाठपुरावा केला आणि देवाची योजना वगैरे एकदाही बोलले नाहीत.

नंतर वर्षभराने आमच्या गल्लीतल्या एका तरुण बाईचा नवरा अपघातात गेला, ती आपल्या मंडळीतली नव्हती, आणि मला एकदम कळलं की माझ्याकडे द्यायला काहीतरी आहे. तुमच्याकडेही असेल, म्हणून थोडं सविस्तर सांगते. मृत्यूच्या दाखल्याच्या निदान आठ-दहा प्रती काढून घ्यायच्या, प्रत्येक ठिकाणी लागतात. नवऱ्याचं पासबुक घेऊन मे-जूनच्या नोंदी बघायच्या, ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती सरकारच्या जीवन ज्योती विम्याची नोंद असते आणि त्यात दोन लाख मिळतात, घरच्यांना पुष्कळदा हे माहीतच नसतं. तो खाजगी नोकरीत असेल आणि पीएफ कापला जात असेल तर विधवेला पेन्शन असतं, त्याचा फॉर्म १०-डी. उत्पन्न फार कमी असेल, वर्षाला २१ हजारांच्या आत, तर संजय गांधी निराधार योजनेत महिना १५०० मिळतात, अर्ज तहसीलला, सोबत आधार, मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, पासबुक. ६५ च्या पुढे असेल तर श्रावणबाळ योजना. कुठल्याही कागदाची मूळ प्रत काउंटरवर ठेवून यायची नाही.

मी तिच्यासोबत तहसीलला चार वेळा गेले. तिसऱ्या वेळी लाईनीत उभं असताना ती म्हणाली, ताई रात्री पलंगाच्या त्यांच्या बाजूला झोपावं की नाही कळत नाही. मी म्हटलं मी अजून झोपत नाही. एवढंच बोलणं झालं आमचं, मग आमचा नंबर आला. पण त्या रात्री मी घरी येऊन पहिल्यांदा त्यांची उशी उन्हात टाकायला काढून ठेवली.

दोघींनी जा

येशूने शिष्यांना पाठवलं ते दोघं-दोघं करून. कॅथलिक लोकांमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉलची संस्था आहे, १८३३ मध्ये पॅरिसच्या कॉलेजातल्या पोरांनी सुरू केलेली, तेही गरिबांच्या घरी जोडीनेच जातात. यात एक तर सुरक्षितता आहे, परक्या घरी एकट्या बाईने जाऊ नये आणि एकट्या पुरुषाने तर मुळीच जाऊ नये. पण माझ्यासाठी जास्त मोठं कारण म्हणजे परतीचा रस्ता. जे पाहिलं ते कोणाशी तरी बोलून घरी पोचायचं, नाहीतर ते घरात आपल्यासोबत येतं. माझ्या जोडीला एक मावशी आहेत, सत्तरीच्या, फार बोलत नाहीत, रिक्षात नुसता माझा हात धरून बसतात. जोडीदार शोधताना फार उत्साही माणूस शोधू नका, टिकणारा शोधा.

पहिल्या भेटीत

आदल्या दिवशी फोन करून विचारा, येऊ का, किती वाजता बरं पडेल. अर्धा-पाऊण तास पुरे. चप्पल काढा, बसा, पुढे केलेला चहा घ्या, नको नको म्हणू नका, कारण द्यायला मिळणं ही त्या माणसाचीही गरज असते आणि सारखं नुसतं घेत राहण्याने माणूस आतून खचतो. सल्ला देऊ नका. देवाची इच्छा होती, तो चांगल्या जागी आहे, वेळ हेच औषध, ही वाक्यं तुम्हाला कोणी म्हटली तेव्हा कशी लागली होती ते आठवा. आपलं दुःख त्यांच्या दुःखाशेजारी मांडू नका, विचारलं तरच दोन वाक्यात सांगा. बायबलमधल्या दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र आपल्याला माहीत असतात ते त्यांच्या टोचणाऱ्या बोलण्यामुळे, पण त्याआधी ते सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर काही न बोलता बसले होते आणि मला वाटतं त्या सगळ्या पुस्तकात त्यांनी केलेलं चांगलं काम तेवढंच.

प्रार्थना करायची का? विचारा. हो म्हणाले तर छोटी करा, त्यांच्या शब्दात, दोन मिनिटांत. नाही म्हणाले तर घरी येऊन करा, देवाला तिथूनही ऐकू येतं. आणि जो माणूस आपल्या धर्माचा नाही त्याच्या आजारपणात, अडचणीत त्याच्यापुढे पत्रक धरायचं नाही, चर्चला या म्हणायचं नाही. यावर मी ठाम आहे आणि आपल्यातल्या काहींशी माझं यावरून वाजलंय सुद्धा. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने रस्त्यात पडलेल्या परक्या माणसाला तेल आणि द्राक्षारस लावला, खाणावळवाल्याला दोन नाणी दिली, वर परत येईन तेव्हा उरलेलं देतो म्हणाला, आणि त्या माणसाला एकही प्रश्न विचारला नाही. मदतीच्या मागे अट लागली की समोरच्याला ती लगेच कळते, आणि आपल्यालाही आतून कळते, मग त्यातून ना त्याचं बरं होत ना आपलं.

नखं

आता माझ्या सेवेचं सांगते, जी अजून चालू आहे. पाळकबाईंनी मला एका आजींचं नाव दिलं, ८४ वर्षांच्या, एकट्या, मुलगा बाहेरच्या देशात. काय मदत हवी विचारलं तर म्हणाल्या, काही नको बाई, फक्त माझी पायाची नखं कोणी कापत नाही, मला वाकता येत नाही आणि चादरीत अडकतात. मी गुरुवारी चार वाजता जायला लागले. गुरुवार मुद्दाम निवडला नव्हता, त्या दिवशी मला शाळेतून लवकर सुट्टी असते.

हे काम कोणालाही करता येईल म्हणून नीट सांगते. आधी विचारा शुगर आहे का. शुगर असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा संवेदना नसेल तर नखं आपण कापायची नाहीत, ते डॉक्टर किंवा नर्सचं काम, आपण फक्त पाय बघायचे, बोटांच्या बेचक्यात, टाचेखाली, कुठे जखम, फोड, काळपटपणा दिसला तर त्याच दिवशी घरच्यांना सांगायचं. शुगर नसेल तर टबमध्ये कोमट पाणी घ्या, आपला कोपर बुडवून बघा, म्हाताऱ्या पायांना गरम कळत नाही. दहा मिनिटं पाय बुडवून ठेवा, जाड नखं मऊ पडतात. मऊ फडक्याने धुवा, टॉवेलने टिपून घ्या, घासायचं नाही, बेचक्यात ओल ठेवू नका. उजेडाकडे तोंड करून बसा. नख एका झटक्यात कापायचं नाही, थोडं थोडं, सरळ रेषेत, कोपरे खोल कोरायचे नाहीत नाहीतर नख मांसात शिरतं. कडा कानशीने घासा. शेवटी थोडं खोबरेल तेल पायाला चोळा, पण बेचक्यात नको, आणि तेलकट पायाने त्यांना लगेच चालू देऊ नका, घसरतात. नेलकटर प्रत्येकाचा वेगळा.

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी मी आजींचा पाय टॉवेलमध्ये धरून टिपत होते आणि एकदम हात थांबला. माझ्या मिस्टरांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं होतं, गाडीची किक लागून, आणि ते काळं उतरून नवं नख यायला लागलं होतं. ते पूर्ण आलं की नाही मी पाहिलंच नाही. त्यांचे पाय मला कोणी दाखवलेच नाहीत. मी आजींच्या पायावर डोकं ठेवून रडले, आवाज काढून, दीड वर्षात पहिल्यांदा. मला वाटलं आजी घाबरतील. त्या म्हणाल्या, पाणी गार होतंय पण होऊ दे.

योहान १३ मध्ये येशू शिष्यांचे पाय धुतो तो अध्याय मी शेकडो वेळा वाचलाय, कॅथलिक चर्चमध्ये पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात तेही पाहिलंय. पण पाय हातात घेतल्याशिवाय काय होतं ते कळत नाही. पाय धरला की आपोआप खाली बसावं लागतं आणि दोघींच्या नजरा एकमेकींत अडकत नाहीत, त्यामुळे बोलणं सोपं जातं, गप्प बसणंही सोपं जातं. मला जे माझ्या माणसासाठी करायला मिळालं नाही ते मी दुसऱ्याच्या माणसासाठी केलं, आणि आत जिथे इतके महिने काहीच हलत नव्हतं तिथे हललं. ही सेवा मी निवडली नव्हती, आजींनी मागितली होती, म्हणून सांगते की आपण काय देऊ हे ठरवून जाऊ नका, काय हवंय ते विचारा.

बरं वाटतंय की नुसतं लपतोय, हे कसं ओळखायचं

एक छोटी वही ठेवा. भेटीहून आलं की तीन ओळी, काय केलं, काय वाटलं, आज कशाची आठवण आली. मोठं लिहायचं नाही. दोन-तीन महिन्यांनी मागे जाऊन वाचा, बदल दिसतो. माझ्या वहीत सुरुवातीला नुसतं दमले, दमले असं आहे, मग एका दिवशी भूक लागली असं लिहिलंय, त्याच्या पुढच्या महिन्यात मोगऱ्याचं रोप आणलं आहे.

घरी येऊन रडू आलं तर घाबरू नका, ते चांगलंच आहे. पण आपण केलेलं कोणी बोलून दाखवलं नाही म्हणून राग येत असेल, कोणाला नाही म्हणता येत नसेल, एका वाराचे चार वार झाले असतील, रविवारची उपासना सोडून आपण मागे भांडी घासत असू, घरी कुलूप उघडायच्या विचारानेच पोटात गोळा येत असेल आणि म्हणून अजून एक भेट, अजून एक भेट असं चाललं असेल, तर तिथेच थांबा आणि एक महिना कमी करा. येशू घरी आला तेव्हा कामात बुडालेल्या मार्थेला त्याने टोकलं ते ती काम करत होती म्हणून नाही, तिच्या मनाची फार ओढाताण चालली होती म्हणून. आणि शिष्य सेवेहून परत आले, लोकांची इतकी ये-जा की जेवायला वेळ नाही, तेव्हा तो त्यांना म्हणाला चला, एकांतात थोडा विसावा घ्या. मार्क ६. विसावाही त्यानेच सांगितलाय.

आणि घ्यायलाही शिका. शिष्य पेत्र येशूला म्हणाला माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस, आणि आपल्यातल्या कामाच्या बायका सगळ्या त्या पेत्रासारख्याच असतात. मला डेंग्यू झाला तेव्हा ती तहसीलवाली बाई रोज संध्याकाळी भाताची पेज घेऊन यायची, पहिल्या दिवशी मी म्हटलं कशाला त्रास, ती म्हणाली ताई, गप खा.

माणूस गेलं तर

म्हाताऱ्या माणसांची सेवा करणार असाल तर हे येणारच आणि याची तयारी आधीपासून ठेवा. आजी गेल्या वर्षी पावसाळ्यात प्रभूमध्ये निजल्या, झोपेतच. यावेळी मी होते. मावशी आणि मी मिळून त्यांना आंघोळ घातली, पांढरी साडी नेसवली, पाय मी धुतले. मुलगा दोन दिवसांनी पोचला. अशा वेळी दफनाला जा, घरच्यांना सांगून पुढे उभं राहा, आपण नातेवाईक नाही म्हणून मागे थांबू नका, आणि नंतरचे चार आठवडे तो वार रिकामा ठेवा, लगेच दुसरं नाव मागू नका. मी त्या गुरुवारी चार वाजता नुसती अंगणात बसायचे, कधी मावशी यायच्या, कधी नाही. पहिल्या गुरुवारी जुनं दुःखही वर आलं, दोन्ही एकदम, पण यावेळी मला माहीत होतं की रडून झालं की भूक लागते, तेव्हा खिचडी करून ठेवली होती.

पाचव्या आठवड्यात पाळकबाईंचा फोन आला, एक आजोबा आहेत, पॅरालिसिस झालाय, उजवा हात चालत नाही, बायको थकलीय. मी मावशींना विचारलं. मग आजोबांना फोन लावला आणि विचारलं, काय मदत हवी. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, दाढी करता येईल का कोणाला? मला येत नव्हती. मुलाकडून शिकून घेतली, दोनदा त्याच्याच गालावर सराव केला, आणि येत्या गुरुवारी चौथ्यांदा जातेय.